उजव्या पायाची नाडी

आमच्या वॉर्डात पहिला मान पायाला. बाकीच्या वॉर्डांत सिस्टर आत आली की पेशंटच्या तोंडाकडे बघते, फार तर मनगट हातात घेते. आमच्याकडे आधी पायांवरची चादर वर सरकते. हृदयातून निघालेलं रक्त मांडीतून, गुडघ्यामागून वळसे घेत शेवटी पावलापर्यंत पोचतं की नाही, या एका प्रश्नावर आमची सगळी नोकरी चालते. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधून वर सरकत गेलं की एक जागा लागते, तिथे दोन बोटं हलकेच टेकवायची आणि वाट बघायची. घाईनं दाबलं तर असलेली नाडीही विझते. सापडली की तिथे पेनानं बारीकशी फुली काढून ठेवायची, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला चाचपडत बसायला नको.

फुली सगळीकडेच काढतात. आमच्या वॉर्डाची म्हणून एक वेगळी पद्धत आहे, ती आमच्या जुन्या मेट्रनबाईंनी घालून दिलेली. पाळी बदलताना जाणारीनं आपली बोटं फुलीवर ठेवायची, येणारीनं त्यांच्या शेजारी आपली ठेवायची, आणि येणारी "मिळाली" म्हणेपर्यंत जाणारीनं हात उचलायचा नाही. पाला गावाकडची बस डोळ्यांदेखत निघून गेली तरी नाही. नव्या मुली सुरुवातीला हसतात, पण एकदा एखाद्याचं पाऊल दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात गार पडलेलं बघितलं की हसणं थांबतं.

ही पद्धत मी घरी अम्मच्चींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सहज गप्पांत सांगितली होती. कुठल्या गप्पांत ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की त्या शेवग्याचा पाला खुडत बसल्या होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या होत्या, "परक्यांच्या पायांचे एवढे लाड! इथे घरात सासू लंगडतेय तिकडे बघ कधीतरी."

"तुम्ही लंगडता कुठे? शेजारी भांडायला जाताना तर पळत जाता."

"भांडायला जावंच लागतं. तू पडलीस मुखदुर्बळ."

मला आजवर कुणी मुखदुर्बळ म्हटलेलं नाही. पण अम्मच्चींपुढे आम्ही सगळेच मुके. माझे यजमान कुरियन त्यांचा एकुलता एक मुलगा, ते नोकरीला कुवेतला. रबराच्या मळ्यातल्या त्या घरात आम्ही दोघीच, आणि दोघींच्या नाकावर माशी बसलेली चालत नसल्यामुळे दिवस बरे जायचे. प्रेम होतं असं आम्ही दोघींपैकी कुणीही कबूल केलं नसतं. माझी सकाळपाळी संपवून मी दुपारी घरी यायचे तेव्हा झाकून ठेवलेल्या कप्प्याच्या, म्हणजे उकडलेल्या टॅपिओकाच्या, वाडग्यात माशाचा मधला तुकडा माझ्यासाठी असायचा, आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलेलं होतं.

अम्मच्चींचं हृदय तालात चालत नव्हतं. दोन ठोके जवळजवळ, मग एक लांब, मग पुन्हा तीन घाईघाईनं, असं ते वर्षानुवर्षं चाललं होतं. अशा हृदयात रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटून कुठे जाईल ते सांगता येत नाही, म्हणून रक्त पातळ करण्याची गोळी रोज घ्यायची होती. डॉक्टरांनी सांगितलं की या गोळीबरोबर पालेभाजी फार खाऊ नका. आता आमच्याकडे मनुष्य देवाशिवाय एखादा आठवडा काढेल, पण शेवग्याच्या पाल्याचं तोरन, म्हणजे खोबरं घालून परतलेली भाजी, नसेल तर पेजेचा घोट घशाखाली उतरायचा नाही. अम्मच्चींनी दोन्हींचा विचार करून एक निवडलं. गोळ्या नंतर मला कोनाड्यातल्या पणतीमागे सापडल्या, ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या.

पाय गार पडला त्या सकाळी मी वॉर्डात होते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. तेल चोळलं, मग रबराच्या पट्ट्या सुकवायच्या धुरीघरात जाऊन चुलीपाशी पाय शेकत बसल्या. मी आले तेव्हा पाऊल जांभळं पडलेलं होतं. मी उंबऱ्यातच बसकण मारली, दोन बोटं टेकवली आणि थांबले. कितीतरी वेळ थांबले. "मिळाली का?" अम्मच्चींनी विचारलं. मी बोटं जरा वर सरकवून पुन्हा टेकवली.

गुडघ्याखालून पाय काढला. काढलेला पाय हॉस्पिटलच्या भट्टीत जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. बाप्तिस्मा झालेल्या देहाचा तुकडा आहे, तो मातीतच जाईल, असं त्यांनी भूल उतरायच्या आत बजावलं. मग सुतारानं फणसाच्या लाकडाची पेटी केली, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी, आणि आमच्या चर्चच्या दफनभूमीत सासऱ्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत, एका टोकाला, ती पुरली. कप्यार थोम्माच्चन, म्हणजे घंटा वाजवण्यापासून खड्डे खणण्यापर्यंत चर्चची सगळी कामं बघणारा म्हातारा, फादरना म्हणाला, "पायासाठी कुठली प्रार्थना म्हणायची?" फादरनी पुस्तक चाळलं, मिटलं आणि नुसती 'आमच्या पित्या' ही रोजची प्रार्थना म्हटली. कुरियनना सुट्टी मिळाली नव्हती. मी एकटीच उभी होते.

अम्मच्ची घरी आल्या आणि पहिल्याच दुपारी म्हणाल्या, "उजवं पाऊल गार लागतंय. पांघरूण घाल."

हे मला नवीन नव्हतं. कापलेला पाय दुखतो, खाजतो, त्याला मुंग्या येतात. मेंदूला सवय असते, जाता जाता जाते. आमचे पेशंट रडून सांगतात आणि आम्ही समजूत काढतो. मी तशीच समजूत काढायला लागले.

"शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. "पाय नाही ते मला दिसतंय. डोळे नाही कापले माझे. गार लागतंय ते लागतंय. नाडी बघ."

"कशाची बघू?"

"वॉर्डात बघतेस तशी. परक्यांची बघतेस ना?"

पांघरूण गुडघ्याखाली एकदम सपाट झालेलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसले, डावं पाऊल बघून उजवं कुठे असतं त्याचा अंदाज घेतला आणि चादरीवर दोन बोटं टेकवली. नाटकच करायचं होतं तर नीट करावं म्हणून थोडी थांबलेही. "आहे. चांगली आहे," मी म्हटलं.

"खोटारडी. ती टाच आहे. वर सरक."

मग तो रोजचा परिपाठच झाला. मी मोठी रजा काढली होती. दुपारी मळ्यातला चीक गोळा करणारे निघून गेले, दोरीवरच्या रबराच्या पट्ट्यांचा आंबूस वास खिडकीतून यायला लागला की अम्मच्ची म्हणायच्या, "सिस्टर, राउंड." मी बसायचे. त्या सांगायच्या, अजून आत, अजून अंगठ्याकडे. मला काही लागायचं नाही, आणि नाही लागत असं मी खरं सांगायला लागले होते. त्यावर त्या चिडायच्या नाहीत. "मिळेल," म्हणायच्या, "सावकाश बघ." एवढ्या गोडीनं त्या माझ्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या, आणि तेच मला सोसत नव्हतं.

ज्या दिवशी लागली त्या दिवशी माझं लक्षही नव्हतं. खिडकीबाहेर कुणाची तरी गाय मळ्यात शिरली होती, मी तिकडे बघत होते. बोटांखाली काहीतरी उचललं गेलं. पुन्हा एकदा. मग थांबलं, आणि मग तीन वेळा घाईघाईनं.

शिकाऊ मुलींची एक चूक ठरलेली असते. त्या अंगठ्यानं नाडी बघतात आणि स्वतःच्या अंगठ्यातली नाडी मोजून येतात. बोटंही फार दाबली तर तसं होतं. मी बोटं हलकी केली. दुसरा हात स्वतःच्या गळ्याला लावला. माझी नाडी धावत होती, पण सरळ, एकसारखी धावत होती. चादरीवरची तशी नव्हती. मग गळ्यावरचा हात काढून मी अम्मच्चींचं मनगट धरलं. दोन जवळजवळ, एक लांब, तीन घाईत. मनगटात ठोका पडला की एक क्षणभर मागून तो माझ्या उजव्या हाताच्या बोटांखाली, रिकाम्या चादरीवर, येत होता. हृदयापासून पाऊल लांब असतं. तेवढा वेळ लागतोच.

मी वर बघितलं नाही, तरी त्यांना कळलं.

"मिळाली ना?" अम्मच्ची म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

मी गादी उचलून पाहिली. पलंगाच्या पट्ट्या पाहिल्या. हात जरा वर धरला की काही नसे, जरा डावीकडे नेला तरी नसे. त्यांना खुर्चीत बसवलं की पलंग मुका व्हायचा, आणि खुर्चीपुढे, डाव्या पावलाशेजारी, जिथे उजवं टेकलं असतं तिथे गुडघ्यांवर बसून बोटं धरली की ती तिथे असायची. मी वॉर्डात इतकी वर्षं हजारो पायांवर बोटं टेकवली. माझी बोटं मला फसवत नाहीत असा माझा तोरा होता. आता तो तोराच मला नडत होता.

कुरियनना फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं, पण दुसरं होतं कोण?

"सोसा, तू नर्स आहेस," ते माझं नाव घेऊन म्हणाले. "लोक ऐकतील तर काय म्हणतील?"

"लोकांना नाही सांगत, तुम्हाला सांगतेय. तुमच्या आईचा पाय आहे."

"आईला पाय नाहीये. आजारपण काढून काढून डोकं शिणलंय तुझं. कुणाला तरी बसव तिच्यापाशी आणि दोन दिवस झोप काढ."

ऑपरेशननंतर मी व्हिडिओवर आईला दाखवते म्हटलं तेव्हाही ते फक्त चेहरा दाखव म्हणाले होते. वाईट माणूस नाही. बघवत नाही असल्यांपैकी आहेत, आणि न बघणाऱ्यांच्या वाटचं दुसऱ्या कुणाला तरी बघावं लागतं. मी फोन ठेवला आणि पेज चुलीवरून उतरवली.

मग नाताळाच्या सुमारास अम्मच्चींना धाप लागायला लागली. हृदय थकत चाललं होतं. पोटावर, डाव्या पायावर सूज आली, उशा वाढत गेल्या, दोन घासांत दम भरायचा. डॉक्टर माझ्याशी सहकाऱ्याशी बोलतात तसं बोलले, म्हणजे फार थोडं बोलले. मी मनगट हातात घेतलं की नाडी शोधावी लागायची, दोऱ्यासारखी बारीक, मध्येच हरवणारी. आणि चादरीवरची मात्र भरत चालली होती. आधी बोटं टेकवून वाट बघावी लागे, आता टेकवण्याच्या आधीच ती वर येऊन भेटायची. एका धडधाकट बाईच्या पायाला असावी तशी.

"आता गार नाही लागत," अम्मच्ची एका सकाळी म्हणाल्या. "ऊब आहे तिथे."

"कुठे?"

त्या म्हणाल्या, "सोसा, त्या तुझ्या वॉर्डात... दुसरी 'मिळाली' म्हणेपर्यंत हात काढत नाहीत ना?"

"नाही काढत."

"मग माझ्यावरचाही काढायचा नाही. मी गेले की तू मनगट बघशील, गळा बघशील, आणि संपलं म्हणून मोकळी होशील. तसं नाही. तो पाय बघायचा. तो चालू असला तर कुणाच्या तरी हाती द्यायचा. तसाच टाकून नाही जायचं त्याला."

"कुणाच्या हाती देऊ, अम्मच्ची?"

"ते तू बघ. नर्स तू आहेस." दम लागून त्या थांबल्या. "एकटीला नाही ठेवायचं मला. एवढंच."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेलं हे एकच. मी हो म्हटलं. त्या काय म्हणतात ते आपल्याला कळलंय असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्या गेल्या त्या दिवशी कुरियनचं विमान दुपारी उतरणार होतं. सकाळी मी सुंठीची कॉफी चमच्यानं पाजली, दोन चमचे गेले, तिसरा ओठांवरून परत आला. श्वास लांब लांब पडायला लागले. शेजारच्या मेरीकुट्टी उशाशी बसून जपमाळ म्हणत होत्या. मी पायथ्याशी गेले. एक हात अम्मच्चींच्या डाव्या पावलावर, एक चादरीवर. डाव्या पावलातली केव्हाच गेली होती. मेरीकुट्टींनी माझ्याकडे बघून मान हलवली, मी उठून गळा बघितला, छातीला कान लावला, आणि परत येऊन बसले.

चादरीवरची चालू होती.

थांबली असं मी म्हणणार नाही. थांबताना नाडी कशी होते ते मला माहीत आहे. ही तशीच ठणठणीत राहिली आणि फक्त दूर जाऊ लागली. चादरीतून गादीत, गादीतून खाली, जमिनीत. मी बोटं दाबत तिच्यामागे जात राहिले. शेवटी कापसाशिवाय काही लागेना. "सोड आता, मोळे, सोड पोरी," मेरीकुट्टी म्हणाल्या आणि त्यांनीच माझा हात धरून उचलला. तेव्हा मला रडू फुटलं. सासूसाठी इतकं रडणारी सून गावानं बघितली नव्हती. बायका दारातून आत यायला बिचकत होत्या.

कुरियन आले, आईच्या उशाशी बसले. चेहऱ्याला, केसांना हात लावला. पायाकडची चादर नीट खोचलेली होती, तिकडे त्यांची नजर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमधलं सगळं आटोपून शवपेटी दफनभूमीत आणली तेव्हा ऊन चढलं होतं. थोम्माच्चन खड्ड्याच्या काठावर उभा होता आणि त्याच्या पायाशी, काढलेल्या मातीच्या ढिगाला टेकवून, फणसाच्या लाकडाची ती लहान पेटी ठेवलेली होती.

"वाटेत आली," तो मला हळूच म्हणाला. "आत बाईंच्या पायाशी ठेवू म्हटलं, जिथली वस्तू तिथे. पण आधी तुम्हाला विचारतो, सिस्टर." त्यानं हात कमरेच्या मुंडूला पुसले, पुन्हा पुसले. "इतके महिने जमिनीत, पण गार नाही हो लागत."

फादरनी धुपाटणं फिरवलं. शवपेटी दोरांवरून खाली गेली, तळाला टेकल्याचा आवाज आला. बायकांनी हुंदके दिले. मग सगळे त्या लहान पेटीसाठी थांबले. बहुतेकांना त्यात काय आहे ते माहीत होतं, त्यामुळे कुणी पुढे येत नव्हतं.

मी गेले आणि गुडघ्यांवर बसले. पेटीवरची माती तळहातानं बाजूला केली. पाऊल कोणत्या दिशेला ठेवलं होतं ते मला आठवत होतं; मीच ठेवलं होतं. झाकणावर दोन बोटं टेकवली आणि वाट बघावी लागलीच नाही. दोन जवळजवळ, एक लांब, तीन घाईत. दुसरा हात मी गळ्याला लावून पाहिला. माझी सरळ चालली होती.

मी बोटं उचलली नाहीत. कुजबुज सुरू झाली. फादर एकदा खाकरले. थोम्माच्चन दुसरीकडे बघत होता. हात काढला की हे लोक पेटी खाली सोडतील, वर माती लोटतील आणि घरी जाऊन पेज पितील, आणि मी अम्मच्चींना शब्द दिला होता. बोलले असते तर मला धरून बाजूला नेलं असतं. मी तशीच बसून राहिले, उन्हात, मातीत, आणि मला दुसरं काही करायला सुचेना.

कुरियन माझ्याशेजारी येऊन बसले. नवे काळे बूट, मातीत गुडघे. "सोसा," ते म्हणाले, "पुरे आता. चल." माझा हात धरून उठवावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण तो माझ्या हातावर न पडता शेजारी, झाकणावर पडला.

त्यांनी आपल्या तळहाताकडे बघितलं, मग बाकीची बोटं मिटून घेतली आणि दोनच ठेवली, हलकी, माझ्या बोटांशेजारी. उभ्या जन्मात त्यांनी कुणाची नाडी बघितली नव्हती. त्यांचा चेहरा ते लहान असतील तेव्हा असावा तसा झाला होता आणि ओठ हलत होते, मोजत असल्यासारखे.

"अहो," मी हळूच विचारलं, "मिळाली?"

त्यांनी होकाराची मान डोलावली.

मी हात उचलला आणि उठून उभी राहिले. फादर मूठभर माती घेऊन थांबले होते. थोम्माच्चननं पेटीला दोर लावायला पुढे होऊन पाहिलं आणि तो मागे सरला. कुरियननी बोटं उचलली नाहीत.